घरून लिहून आणलेली ओळ

तायडेभाऊ कार्ड लिहीत आणि बसल्या जागेवरूनच पेटीत टाकीत. अमरावतीच्या आमच्या पोस्टाच्या व्हरांड्यात, लाल पेटीला लागूनच त्यांची चटई. लिहिता न येणाऱ्यानं मजकूर आणि पत्ता सांगायचा, की कार्ड रवाना. "बोला, कार्ड वाट पाहून राहिलं," हे त्यांचं नेहमीचं. मी आत पत्रांवर शिक्के मारणारा कारकून. साठ सालच्या आसपासची गोष्ट.

वस्तीतले ते पहिले सातवी पास. अक्षराचा भारी अभिमान, आणि तो शोभेही. बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जाई, म्हणून ते पन्नासेक कार्डांवर 'येथे सर्व खुशाल' ही ओळ घरूनच लिहून आणत. "सगळ्याईची सुरुवात तेच असते, साहेब. मंग मानसाले उन्हात कायले उभं ठेवाचं?" मलाही ती मोठी हुशारी वाटे, खोटं कशाला बोलू.

एकदा वलगावची सखूबाई आली. नवरा तापानं खाटेला खिळलेला, एकुलता एक मुलगा नामदेव अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर. "लिवा, तुया बाप तुयं नाव घेऊन राहिला. कार्ड भेटताच निंग." भाऊंनी शब्द न शब्द लिहिला, त्या ओळीच्या खाली, आणि कार्ड पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी नामदेव व्हरांड्यात उभा राहिला. डोकं भादरलेलं. त्याला वाचता येत नव्हतं. अकोल्यातल्या जठारपेठेच्या दुकानदारानं कार्डाची पहिली ओळ वाचली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून "घरी ठीक हाये तुया" असं सांगून कार्ड परत दिलं. नामदेव ते खिशात घालून कामावर गेला. बाप चार दिवस दाराकडे पाहत होता.

"वाचा," तो म्हणाला. भाऊंनी सगळं वाचलं.

"खुशाल म्हून कोनं सांगतलं होतं?"

"कोनीच नाही, बापू. थे मी घरून लिवून आनतो."

नामदेव ओरडला नाही. त्यानं भाऊंना दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. कार्ड उचलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून चटई दिसेना. मी घरी गेलो तेव्हा भाऊ भिंतीला टेकून बसले होते. चूक कोणाच्या हातून होत नाही, असं काहीतरी मी बोललो.

"हा एक आला म्हून मले समजलं, साहेब. बारा वर्सं लिवून राहिलो मी. बाकीच्याईच्या घरी काय झालं असंन?"

दोन वर्षांनी ते गेले. तोवर त्यांनी कोणासाठी एक अक्षर लिहिलं नाही.

सखूबाईचं कार्ड शिक्का मारताना मी वाचलं होतं. पहिली ओळ वाचली, खालचा मजकूरही वाचला, आणि थैलीत टाकलं. हे मी भाऊंना कधी सांगितलं नाही.