टोपलीतून गेलेली बुकिंगं

देवबागात खोल्या भाड्याने देणाऱ्यांची आमची संघटना. तिची मेल नव्या यंत्रणेवर न्यायची होती, आणि आधी जुनीची तपासणी माझ्या गळ्यात आली. अख्ख्या किनाऱ्यावर कॉम्प्युटर कळणारा मी एकटाच, असं मीच सांगत फिरलो होतो ना! संघटनेच्या मालवणच्या ऑफिसातलं मशीन खाऱ्या हवेने इतकं गंजलेलं, की नुसतं शिंकलं तरी पोपडे पडावेत.

एकेका सदस्याची पेटी उघडत गेलो. रिकामी. रिकामी. मग आमची उघडली. कोरी करकरीत! सकाळीच बायकोने बजावलं होतं, "आज जर कोण पावणो इलो नाय, तर खोल्यांचो बोर्ड काढतंय नि भावाकडे मुंबैक जातंय." दोन्ही खोल्या तिने स्वतःच्या हातांनी रंगवलेल्या.

"काका, मेल जाता खंय?" मी म्हाताऱ्या कारकुनाला विचारलं.

"जातली खंय? सगळ्यांची हय मशीनात उतरता नि वरची, सर्वरवरची, पुसता. तूच तसा करून दिलंस मरे, जागा भरता म्हणान!"

खरंच की. वर तासभर भाषणही ठोकलं होतं.

"मगे लोकांका बुकिंगं कळतत कशी?"

"तुमच्या थंय रेंज आसा? मासेवाली रोज देवबागात जाता, तिका तोंडी सांगतंय."

शिळ्या बांगड्यांवरून त्याच मासेवालीशी बायकोने दिवाळीपासून अबोला धरलेला. उतरलेली मेल शोधायला गेलो, तर मशीनने बुडती बोट देते तसला आचका दिला आणि डोळे मिटले. डिस्क खलास.

धावत बाजारात गेलो. मासेवाली सुरी न थांबवता म्हणाली, "तुझ्या बायलेन पायरी चढू नको म्हटल्यान. निरोप काय माडार चढान देव? वाट बघून गेले सगळे पावणे तारकर्लेक."

घरापर्यंत मी सतरा थापा रचल्या. समुद्राखालची तार तुटली, ती देवमाशाने गिळली, दिल्लीहून माणसं आलीत. दारात पोचलो तर बायको स्टुलावर, हातात पाना, बोर्डाचा एक नट सैल केलेला.

"पावण्यांचा कळला काय?"

एकही थाप तोंडातून निघेना. "मेल येत होती," मी म्हणालो. "मीच पुसायला लावली होती."

ती बोर्डाकडे वळली आणि सैल केलेला नट परत आवळू लागली.

"स्टूल धरा. हलता."

मी धरलं.