धाकटीच्या हातची गोळी

माझ्या धाकट्या जावेचा मला पहिल्यापासून हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ती रंगाने उजळ, तिला दोन्ही मुलगे, तिच्या भाकऱ्या टम्म फुगतात. हे सगळं मी गिळलं होतं. पण तिच्या नवऱ्याची दारू सुटली, ते मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

पोशीरला आमची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. दोघे भाऊ सारखेच पिणारे. वीस वर्षं आम्ही दोघी एकाच दुःखाच्या होतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमचं छान जमायचं. एकीचा नवरा रस्त्यात पडला की दुसरी उचलायला सोबत जायची. आमचे हे टेंपो चालवतात, भाऊजी रसायनीला कंपनीत. एकदा भाऊजी पिऊन ड्यूटीवर गेले आणि कंपनीच्या डॉक्टरने धरलं. आम्हाला वाटलं, गेली नोकरी. गेली कसली! कंपनीनेच त्यांना महिनाभर पनवेलच्या बाजूला एका केंद्रात ठेवलं, औषधोपचार केले आणि परत कामावर घेतलं. भाऊजी घरी आले ते गालांवर मांस घेऊनच.

तिथल्या डॉक्टरांनी धाकटीला एक काम नेमून दिलं होतं. रोज सकाळी एक गोळी आपल्या हाताने द्यायची आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर माणसाची पार दैना होते. ते त्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तो पीत नाही. रोज सातच्या सुमाराला भाऊजी ओट्यावर बसून आ करायचे, ती वाकून बघायची आणि मग दोघंही हसायची. मी माझ्या दारात तांदूळ निवडत असायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. वीस वर्षांत आमच्या ओट्यावर सकाळी कुणी हसलं नव्हतं.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. मी अंगणवाडी सेविका, दवाखान्याची पायरी मला नवी नाही. कर्जतला मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. तीनदा नंबर लावला आणि तीनही वेळा ह्यांना नेमकं त्याच दिवशी भाडं लागलं. एकदा खोपोली, एकदा वाशी, एकदा पळसदरीला कुणाच्या फार्महाऊसवर खुर्च्या पोचवायच्या होत्या. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "ताई, पेशंटला आणा. तुम्हाला औषध देऊन काय उपयोग?" भरती करायचं तर अलिबाग, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. भाऊजींच्या मागे अख्खी कंपनी उभी होती. ह्यांच्या मागे मी एकटी, आणि मला विचारतंय कोण.

शेवटी मी धाकटीकडे गेले. म्हटलं, चार गोळ्या दे, चहातून घालते.

"नाय गं ताई," ती म्हणाली. "दादांना न सांगता नाय देता येत. डॉक्टरांनी बजावलंय मला."

मी बरं म्हणून परतले, पण आतून पेटले. म्हटलं, आता हिला कशाला पडलंय माझं? हिचा सुधारला, माझा तसाच राहिला तर हिचंच कौतुक जास्त होईल. असं मी मनात म्हटलं, आणि ते मला अगदी खरं वाटलं.

आमच्याकडे नवऱ्याला चहातून काहीबाही देणं ही काही नवलाची गोष्ट नाही. 'न कळत दारू सोडवा' असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं. अंगारा, पूड, कुठल्या झाडाची साल, बायका सगळं देऊन बघतात. मीही देऊन बसले होते. त्यातल्या कशाने दारू सुटली नव्हती आणि कशाने माणूस मेलाही नव्हता. ही गोळीही त्यातलीच धरली, तिथे माझं चुकलं. धाकटी पाण्याला गेली तेव्हा तिच्या फळीवरच्या डब्यातून मी एक पट्टी उचलली. गोळी खलबत्त्यात कुटली आणि ह्यांच्या सकाळच्या चहात टाकली. त्याच दिवशी अंगणवाडीत जाऊन आयांना सांगितलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय पोराला काही पाजू नका. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

दोन दिवस हे योगायोगाने प्याले नाहीत. टेंपो गॅरेजला होता, हे घरीच होते. मला काय आनंद! तिसऱ्या दिवशी गावात हळद होती. दुपारी तिथून चौघांनी ह्यांना उचलून आणलं. तोंड लालबुंद, ओकून ओकून हैराण, छाती हाताने दाबलेली, हातपाय गार. भाऊजींनी रिक्षा आणली, धाकटीही बसली, आणि आम्ही कर्जतला पोचलो.

डॉक्टर विचारत होते, किती प्याले? भाऊजी म्हणाले, नेहमीपेक्षा कमीच. "मग एवढं कशाने? दुसरं काही पोटात गेलंय का? गोळी, औषध?" नर्स बीपी सांगत होती आणि तो उतरतच होता.

मला माहीत होतं. पण धाकटी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. घाबरले होते म्हणावं तर तेही नाही. हिच्यासमोर चोर ठरायचं नव्हतं, एवढंच. नवरा समोर जातोय, आणि मी जावेसमोर अब्रू राखतेय.

धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढे झाली आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. "आमच्या ह्यांची गोळी हाय ती. पट्टी तीन दिस गावत नाय. दादांच्या पोटात गेली असंल."

"कुणी दिली?"

तेव्हा मी म्हटलं, मी दिली. खाटेवरून ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ऐकू गेलं होतं.

दोन दिवस सलाईन चालली, जीव वाचला. नंतर मनाचे डॉक्टर आले, तर या वेळी पेशंट खाटेवर आयताच हजर. हे चांगलेच हादरले होते. म्हणाले, सोडतो. डॉक्टरांनी बराच वेळ समजावलं. तपासण्या झाल्यावर हीच गोळी देणार होते, पण आता उघड, माहीत करून. घरातल्या कुणीतरी रोज समोर द्यायची होती.

"मिसेस देतील ना?"

"नको," हे म्हणाले. "हिच्या हातचं नको. धाकटी देईल."

आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, आजही बसत नाही. ह्यांचा चहासुद्धा ती दारात ठेवून जायची. तिच्यासमोर हे रोज आ करणार होते. धाकटीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "देईन मी, दादा."

दीड वर्ष झालं, ह्यांनी थेंब घेतलेला नाही. अंगणवाडीतल्या बाया म्हणतात, तुमी नशीबवान हाव बाई. मी हो म्हणते. देवाशपथ, मला आनंद आहे. पण सकाळी सात वाजले की मी मागच्या दाराने परसात जाते, कारण पुढे बसवत नाही.

गेल्या महिन्यात धाकटी खालापूरकडच्या माहेरी गेली, भावाच्या घरभरणीला. भाऊजीही सोबत गेले, त्यांची गोळी तिकडेच व्हायची होती. जाताना ह्यांची पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, "चार दिस तुमीच द्या ताई. दादांना सांगितलंय मी."

सकाळी मी न्हाले, चांगलं पातळ नेसले. तांब्या घासून पाणी भरलं आणि गोळी पुढे केली. ह्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. पट्टी मागून घेतली, चष्मा लावून नाव वाचलं, उरलेल्या गोळ्यांशी ताडून बघितली. मग माझा तांब्या अंगणात ओतला, स्वतः जाऊन माठातून पाणी घेतलं आणि गोळी घेतली. रागाने काही नाही, अगदी शांतपणे.

दुपारी मी धाकटीला फोन लावला. म्हटलं, घरभरणी झाली की एक दिवससुद्धा जास्त राहू नकोस गं, लगेच ये.