रुपेनीनं बापाला घरी आणलं

रुपेनी माझा मामेभाऊ. त्याला चिडवणं हे माझं कामच. आमच्याकडे आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवली नाही, तर लोक विचारतात, भांडण झालंय का? पण त्या दिवशी मी काहीही बोललो तरी तो ढिम्म. नेमानी मामा, म्हणजे त्याचा बाप, होडीच्या मधोमध चटयांत गुंडाळलेल्या पेटीत होता, आणि सुकाणू पहिल्यांदाच रुपेनीच्या हातात होतं.

रुपेनी डोंगरातला माणूस. यांगोनाची झुडपं लावायची आणि संध्याकाळी त्याच मुळ्या कुटून, कालवून प्यायच्या, एवढाच त्याचा संसार. आमच्या कंदावू बेटाच्या किनाऱ्यानं जाणारी मामाची शिडाची होडी त्यानं कधी हाकली नव्हती. मामाबरोबर समुद्रावर जायची ती त्याची बहीण अकानिसी. पाण्याचा रंग बघून ती खोली सांगायची. पण बापाला शेवटचं घरी आणायचं ते मुलानंच, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. ठरवायला त्यांचं काय जातंय? त्यांना थोडंच होडीत बसायचं होतं!

आता बहीणभाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. जाणते झाल्यापासून या दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारली नव्हती. तो मान असतो. म्हणून ती होडीच्या पुढच्या टोकाला, तो मागे, आणि मधे मामाशेजारी मी, निरोप्या.

दवाखान्याच्या गावाहून निघालो तेव्हा वारा बरा होता. कोणी रडत नव्हतं. मला स्वतःला काही वाटतच नव्हतं. दालोचा उकडलेला कंद खाल्ला, त्याला चव नव्हती. मग होडीतलं पाणी उपसत बसलो.

"कप्तान," मी म्हटलं, "हातात सुकाणू आहे की कसाव्याचं कांडं?"

रुपेनीनं सुकाणू आणखी घट्ट धरलं.

दुपारी पावसात गावामागचा डोंगर दिसेनासा झाला. त्याच डोंगराच्या खुणेवर प्रवाळाच्या बांधातल्या वाटेनं आत शिरायचं असतं. आता खूणच नाही म्हटल्यावर रुपेनीनं जिकडे पाणी शांत दिसलं तिकडे होडी घातली.

"जोएली," अकानिसी मला म्हणाली, "त्याला सांग, ती वाट नाही. आतून बंद आहे. बाबा तिला आंधळी म्हणायचे. खरी वाट उजवीकडे, लाटा फुटतायत ना, त्यांच्या मधून."

"कप्तान, ती म्हणते ही आंधळी आहे. उजवीकडे घे, लाटा फुटतायत तिथे."

"फुटत्या लाटांत? तिला विचार, खात्री आहे का."

"तो विचारतोय, खात्री आहे का."

"त्याला विचार, बाबांना खडकावर आपटायचंय का?"

मी मागे वळलो आणि त्याच वेळी वारा फिरला. शिडाचं आडवं लाकूड सणकन आलं आणि माझ्या जबड्यावर बसलं. मी पेटीवर पालथा पडलो. तोंडात रक्त, शब्द फुटेना. समोर पाण्याखाली तपकिरी खडक दिसायला लागला. रुपेनी माझ्या तोंडाकडे बघत होता. निरोप यायची वाट बघत होता. अशा वेळीही थांबला होता, बोला आता!

"रुपेनी!" अकानिसी ओरडली. "उजवीकडे! आत्ता!"

त्यानं सगळं अंग टाकून सुकाणू दाबलं. होडी कलली, पेटी घसरली, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. होडीचा तळ कशाला तरी खरवडला. "आता थोडं डावीकडे. धर. तसंच धर," ती सांगत गेली आणि तो करत गेला. दोन्ही बाजूंनी फेस उसळला आणि मागे पडला. आतलं पाणी सपाट होतं. मी रक्त थुंकलं आणि पुन्हा पाणी उपसायला लागलो. वाचल्याचा आनंदसुद्धा झाला नाही.

मामाला माती दिली. गाव रडून मोकळं झालं, ही दोघं कोरडीच राहिली. दुसऱ्या दिवशी अकानिसीनं मला बोलावलं. तिच्या हातात देवमाशाचा दात होता. आमच्याकडे मोठी माफी त्याच्याशिवाय मागत नाहीत.

"माझ्या वतीनं माफी माग," ती म्हणाली. "मी त्याचं नाव घेतलं."

माझं डोकंच फिरलं. "अगं, तू नाव घेतलंस म्हणून आपण जिवंत आहोत!"

"ते वेगळं. बाबा गेले. आता तोच आहे मला. त्यानं पाठ फिरवली तर मी कोणाकडे बघू?"

मग काय, गेलो. ती माझ्या मागोमाग येऊन दाराशी मान खाली घालून बसली. मी रुपेनीपुढे बसून दात पुढे केला, रीतीचे शब्द म्हटले. त्यानं दात हातात घेतला आणि परत माझ्या हातात ठेवला. दात परत करणं म्हणजे माफी नाही.

"तिला सांग," रुपेनी म्हणाला, "मी काहीच ऐकलं नाही. मग माफी कसली?" दाराकडे न बघता पुढे म्हणाला, "आणि म्हणावं, पुढच्या खेपेला जरा जवळ बस. वाऱ्यात नीट ऐकू येत नाही."

अकानिसी दाराशीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तरी मी उठून तिच्याजवळ गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. तेव्हा कुठे ती रडली.