पोरीच्या रांगेतल्या दोन रेघा

चंद्रपूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे संशय घेणं हा कामाचाच भाग आहे. ट्यूबवर चिकटवलेल्या नावावर संशय, पिपेटच्या टोकावर संशय, हातमोजे न बदलता फ्रिज उघडणाऱ्यावर तर फारच. डीएनएच्या प्रत्येक चाचणीबरोबर आम्ही एक ट्यूब नुसत्या पाण्याची लावतो. तिच्यात काहीही दिसता कामा नये. दिसलंच, तर कुठून तरी परका डीएनए शिरला असं समजायचं आणि त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं. माझी आई मूल गावी असते. मी सुट्टीत गेले आणि दुधाचा वास घेऊन पाहिला की ती म्हणते, "मांजर बरी बाई, तू नाई बरी. तिले तरी दुधावर भरोसा रायते."

पण हा झाला निर्जीव वस्तूंवरचा संशय. त्या उन्हाळ्यात आमच्या दारात आला तो माणसांमधला.

कुरखेड्याकडच्या एका गावातून एक जोडपं त्यांच्या लहान मुलीला घेऊन आलं होतं. सोबत नवऱ्याची आई. मुलगी चार-साडेचार वर्षांची असेल. हातापायांची बोटं सुजायची, दुखायला लागलं की दिवसभर रडायची. गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं शिबिर झालं तेव्हा तिघांचं रक्त तपासलं गेलं. मुलगी सिकलसेलग्रस्त निघाली, आई वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाही पण दोष बाळगणारी, आणि बाप नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणीसाठी आमच्याकडे पाठवलं.

मी रक्त घेत होते तेव्हा सासूबाई अगदी माझ्या खांद्याला लागून उभ्या होत्या.

"बाई, बाजूला बसा ना जरा," मी म्हटलं.

"राहू दे. मी पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "कोणाचं रक्त कोणाच्या शिशीत जाते, कोणाले मालूम."

सुनेनं मान वळवली नाही. मुलीला मांडीवर घट्ट धरून बसली होती. सुई टोचली तेव्हा पोर रडली, पण ही बाई जिथे पाहत होती तिथेच पाहत राहिली. समोरच्या भिंतीवर आमचंच चित्र होतं: आई वाहक, बाप वाहक, खाली चार लेकरं, त्यातलं एक लाल रंगाचं, आजारी. साऱ्या शिबिरांत आम्ही हेच चित्र दाखवतो. आजार व्हायला दोष दोन्हीकडून यावा लागतो, हे लोकांना समजावं म्हणून.

दोघी बाहेर गेल्यावर नवरा परत आत आला. तिशीचा असेल. धानाची थोडी शेती, बाकी दिवस ट्रॅक्टर चालवायचा. दार लोटून घेत म्हणाला, "म्याडम, बापाची टेस्ट होते का इथी?"

"कसली?"

"पोरगी कोनाची हाय, ते समजते म्हणतेत ना त्याच्यात."

मी सांगितलं, ती चाचणी आमच्याकडे होत नाही, आणि अशी कोणाच्या सांगण्यावरून करताही येत नाही.

"मंग मीच विचारतो तुमाले," तो म्हणाला. त्यानं भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "तिचं एक. बरोबर? आन् मी नॉर्मल. मंग पोरीले दुसरं कोनाकडून आलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. ते मला जास्त जड गेलं. त्यानं हे कितीतरी दिवस मनात घोळवलेलं होतं आणि त्याचा हिशेब आमच्याच चित्रावर बेतलेला होता. मी म्हटलं, "भाऊ, आधी रक्त परत तपासू द्या. शिबिरात शंभर माणसं असतात, चूक होऊ शकते."

मला खरोखरच तसं वाटत होतं. गर्दीत ट्यूब बदलली गेली असणार. पण हिमोग्लोबिनची चाचणी आम्ही स्वतः लावली, तेव्हा पुन्हा तेच निघालं. आईच्या रक्तात दोन्ही जातींचं हिमोग्लोबिन, साधं आणि सिकलचं. बापाच्या रक्तात फक्त साधं. मुलीच्या रक्तात सिकलचं, आणि तान्ह्या मुलांत असतं त्यातलं थोडं. मोठ्या माणसाचं साधं हिमोग्लोबिन औषधालाही नाही.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "रिपोर्ट देऊन टाक," त्या म्हणाल्या. "आणि औषध सुरू करायला बालरोगवाल्यांकडे पाठव."

"आणि बापाचा प्रश्न?"

"तो आपल्याला विचारलेला नाही. अशा केसेस येतात अधूनमधून. आपण त्यात पडत नाही."

मला त्यांची घाई आवडली नाही. त्यांनी मनात निकाल लावून टाकला होता, हे त्यांच्या 'अशा केसेस' म्हणण्यातच आलं. हा कागद हातात पडल्यावर त्या घरात काय होईल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी म्हटलं, "मॅडम, मला जीन पाहू द्या. हिमोग्लोबिन पाहिलं, पण ते ज्यावरून बनतं ते कुठं पाहिलंय?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "पाहा. पण पाण्याची ट्यूब विसरू नकोस."

ही चाचणी सांगायला सोपी आहे. रक्तातून डीएनए वेगळा काढायचा. हिमोग्लोबिनच्या जीनमधला नेमका तेवढाच तुकडा पीसीआर मशीनमध्ये वाढवायचा, म्हणजे एकाच्या लाखो प्रती करायच्या. मग त्यात एक एन्झाइम घालायचं. ते कात्रीसारखं असतं, पण हट्टी; ठरावीक अक्षरं जुळली तरच कापतं. निरोगी जीनमध्ये ती अक्षरं असतात, तिथे तुकडा कापला जातो. सिकलच्या जीनमध्ये नेमकं तिथलंच एक अक्षर बदललेलं असतं, म्हणून कात्री चालत नाही. शेवटी प्रत्येकाचा नमुना जेलच्या थरात वेगवेगळ्या रांगेत भरून वीज सोडायची. लांब तुकडे मागे रेंगाळतात, आखूड पुढे धावतात. न कापलेल्याची रेघ वर, कापलेल्याची खाली.

मुलीला दोन्हीकडून सिकल आलं असेल, तर तिच्या रांगेत फक्त वरची रेघ दिसायला हवी होती.

जेल अतिनील दिव्यावर ठेवला. पाण्याची रांग कोरी. बापाच्या रांगेत फक्त खालची रेघ. आईच्या रांगेत दोन्ही. आणि मुलीच्या रांगेतही दोन्ही. अगदी आईसारख्याच.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. आईच्या ट्यूबमधला थेंब मुलीच्या ट्यूबमध्ये गेला असणार. मॅडमही तेच म्हणाल्या, जरा खोचकपणे. "आईचा डीएनए पोरीत मिसळला तुझ्याकडून. परत कर."

मी मुलीच्या उरलेल्या रक्तातून नव्याने डीएनए काढला. आईची ट्यूब त्या दिवशी फ्रिजमधून बाहेरही आणली नाही. पिपेटची टोकं नवीन, एन्झाइमची शिशी नवीन, टेबल दोनदा पुसलेलं. कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. झाडू मारायला आलेल्या मावशींनासुद्धा दारातूनच परत पाठवलं, त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेलमध्ये पुन्हा दोन रेघा आल्या.

मी फोटो मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी खूप वेळ पाहिला. मुलीच्या शरीरात निरोगी दिसणारी एक प्रत होती, आणि तरी त्या प्रतीतून साधं हिमोग्लोबिन बनतच नव्हतं. दुकान उघडं, पण माल नाही, असं काहीसं.

"मुकी आहे ती प्रत," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला. "सिकलच्या जागी चांगली आहे, पण दुसरीकडे कुठेतरी बिघडलीय. अगं, थॅलेसेमिया! बापाची स्लाइड काढ."

आम्ही दोघी एकाच सूक्ष्मदर्शकावर वाकलो. बापाच्या लाल पेशी बारीक होत्या, फिकट. त्या माणसाकडे पाहून कोणाला कळलं नसतं. धानाची पोती उचलणारा गडी तो. मोठ्या मशीनवर त्याच्या हिमोग्लोबिनच्या जाती मोजल्या, तेव्हा त्यातली एक जात जेवढी असायला हवी त्याहून जास्त निघाली. थॅलेसेमियाच्या वाहकाची ती खूण. शिबिरातली चाचणी सिकल शोधायला असते, ती हे मोजत नाही. तिनं त्याला नॉर्मल ठरवलं, आणि आमच्या भिंतीवरच्या चित्रात तर ही तिसरी शक्यता काढलेलीच नव्हती.

मॅडमनी बापाचा आणि मुलीचा नमुना नागपूरला पाठवला, जीन अक्षर अक्षर वाचून घ्यायला. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात कुरखेड्याकडून कळलं की सून मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. माहेर मूलच्या जवळचं एक गाव, आमच्या घरापासून फार लांब नाही. मी कोणाला काही बोलू शकत नव्हते.

नागपूरचं उत्तर आलं. दोघांच्या जीनमध्ये एकाच ठिकाणी सारखाच बदल.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. नवरा आणि सासू कुरखेड्याहून आले, सून मूलहून. बाकावर मधे जागा सोडून बसले. मॅडमनी कागदावर दोन जोड्या काढून समजावलं: आईकडून सिकल, आणि दुसरीकडून ही मुकी प्रत, जी बापाच्या रक्तात सापडली. दोन्ही एकत्र आल्या की आजार सिकलसेलसारखाच होतो.

नवरा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे पोरगी माही?"

मॅडम थबकल्या. काटेकोरपणे बोलायचं तर ही बापाची चाचणी नव्हती, आणि त्या काटेकोर बाई आहेत. "तुमच्या संशयाला जे कारण होतं, ते आता उरलं नाही," त्या म्हणाल्या.

"असं वाकडं नोका बोलू म्याडम. हो नाई तर नाई सांगा."

"थांबा," सून म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती नवऱ्याकडे वळली नाही. मॅडमकडे पाहूनच बोलली. "तुमी काई सांगू नोका त्याले. मी सांगतलं होतं. पोरीची शपथ घेऊन सांगतलं. ते नाई चाललं. आता मशीननं सांगतलं म्हून चालन का?"

मुलगी बाकाखाली चप्पल शोधत होती.

सासूबाईंचं लक्ष मात्र त्या कागदावर होतं. "म्हंजे ही बिमारी आमच्या घरातली म्हणता?" त्यांनी विचारलं.

"घरातली म्हणजे तुमच्याकडून किंवा यांच्या वडिलांकडून आलेली," मी सांगितलं. "तुमचं रक्त तपासलं तर कळेल."

त्यांनी पदर आवळून घेतला. "माह्या माहेरात असं काई नाई. ह्याच्या बापाचेच लोक तसे होते, सारे पिवळे पिवळे." आणि रक्त द्यायला काही त्या तयार झाल्या नाहीत. सुनेवरून उठलेला संशय आता गेलेल्या नवऱ्याच्या खानदानावर जाऊन बसला होता. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

ते उठले तेव्हा नवऱ्यानं मुलीला उचलायला हात पुढे केले. सुनेनं मुलीला दिलं नाही. ती सरळ मूलच्या गाडीकडे चालू लागली. तो मागे मागे गेला, काहीतरी बोलत होता. सासूबाई फाटकाशी उभ्या राहिल्या.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं चित्र काढून ठेवलं. ते चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. नवीन काढायला वेळ मिळेपर्यंत ती भिंत तशीच राहिली, खिळ्यासकट.

पावसाळ्यात धानाचं रोवणं झालं, पुढे कापणीही झाली, तरी सून माहेरीच होती. मुलीचं औषध सुरू झालं होतं, त्यासाठी ती चंद्रपूरला येत असे. नवराही त्याच दिवशी यायचा, कुरखेड्याहून पहाटेची गाडी पकडून. आधी लांब बसायचा. मग औषधाच्या रांगेत तो उभा राहू लागला आणि ती सावलीत. पुढे केव्हातरी सून त्याच्यासोबत परत गेली, पण तिनं अट घातली होती. ज्या नातेवाइकांपुढे तो पोरीबद्दल बोलला होता, त्या सगळ्यांना बसवून पोरगी आपलीच असल्याचं त्यानं स्वतः सांगायचं, आणि तिनं ते उभं राहून ऐकायचं. त्यानं ते केलं, हे तिनंच मला सांगितलं.

"मंग बरं चाललं का आता?" मी तिला विचारलं. आम्ही औषधाच्या खिडकीपाशी होतो.

"चाललं," ती म्हणाली. "चांगलाच वागते. पोरीले खांद्यावरून खाली उतरू देत नाई." जरा थांबून म्हणाली, "पन बाई, तो चांगला वागते ना, तवा मले वाटते, हा मनातून काय पाहून राह्यला असन? आंगी लागली ही सवय. त्याची सुटली, मले लागली."

खिडकीतून मुलीच्या नावाचा पुकारा झाला. तिनं गोळ्या घेतल्या, पाकिटावरचं नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या बापलेकीकडे निघून गेली.