अडलेल्यावरून चालूकडे वाट नाही

झोपेतून उठून थेट चहा पिणं हे धोक्याचं काम आहे, असं मानणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्यासकट सगळं सासर त्यांना दाजी म्हणायचं. दाजी सकाळी डोळे उघडायचे पण उठायचे नाहीत, मग बाजेवर उठून बसायचे पण बोलायचे नाहीत. दूधवाला दारात येऊन 'किती घालू?' म्हणून विचारायचा आणि दाजी त्याच्याकडे एखाद्या अनोळखी गावाकडे पाहावं तसं पाहत राहायचे. आतून अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या, "त्यांना काय इचारून राह्यलास? ते अजून आले न्हाईत." पाच-सात मिनिटांनी दाजी येत. म्हणजे बाजेवरच बसलेले असत, पण चेहऱ्यावर ओळख उमटे, आणि मग ते चहा मागत. मी एकदा या प्रकाराला आळस म्हणालो. त्यांनी फार शांतपणे मला समजावलं, "गुरुजी, झोप आणि काम ह्याच्यामधी एक सावध नावाची जागा असती. तिथं थांबून बघावं लागतं, सगळं बराबर हाये का. लोक तिथं थांबत न्हाईत, म्हणून घरोघरी सकाळी भांडणं व्हत्यात." मी शाळामास्तर. मला शिकवणारा माणूस मला सहसा आवडत नाही, पण दाजींवर रागावून काही उपयोग नसे.

ही थांबण्याची सवय त्यांनी बारा गावी नेली. वाटूर फाट्यावर आम्हाला एक एसटी सोडून दुसरी धरायची होती. दुसरी समोरच उभी होती, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता, आणि दाजी पहिल्या गाडीतून उतरून पिशवी छातीशी धरून निवांत उभे. मी ओढलं तर म्हणाले, "उतरलोत हे आधी अंगाला कळू द्या." अंगाला कळेपर्यंत गाडी गेली. पुढची दीड तासाने होती. तेवढ्या वेळात माझ्या अंगाला बरंच काही कळलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुतणीच्या लग्नातही तेच. बँड वाजत होता, दाजी चक्क नाचत होते, आणि पाठवणीची वेळ आली तसे सगळे रडायला लागले. दाजी मात्र कोरडे. नवरी गाडीत बसली, गाडी वेशीच्या बाहेर गेली, मांडववाले खांब उपटायला लागले, तेव्हा हे एका खुर्चीवर बसून हुंदके द्यायला लागले. आचाऱ्याला वाटलं, जेवण कमी पडलं म्हणून पाव्हणे रडतायत. त्याने ताट आणून दिलं.

हे वेड त्यांना मुळापासूनचं नव्हतं, धंद्यातून लागलेलं होतं. दाजींचं अंबडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे शेतकऱ्यांच्या खिशात मोबाईल आले, तसं दाजींच्या डोक्यात आलं की विहिरीवरची मोटर घरून फोन करून चालू करता आली पाहिजे. अर्धी पानं गळालेलं एक पुस्तक आणि एक जुना कॉम्प्युटर, ज्यावर अक्का धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादर घालायच्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी एक पेटी बनवली. पेटीत सिमकार्ड, एक बोटाच्या पेराएवढी चिप आणि त्या चिपमध्ये दाजींनी लिहिलेला प्रोग्राम. शेतकऱ्याने घरून रिंग द्यायची, पेटीने फोन कापायचा आणि मोटर चालू करायची. मोटर बंद पडली तर पेटीने उलट रिंग द्यायची. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा लोक ती पेटी पाहायला यायचे आणि जाताना तिला हात जोडायचे.

भिंतीवर त्यांनी खडूने चार मोठी वर्तुळं काढली होती: झोप, सावध, चालू, अडलेली. त्यांच्यामध्ये बाण. लाइट नाही, पेटी आपल्या छोट्या बॅटरीवर पडून आहे, ती झोप. तिन्ही फेज आल्या, फोनची वाट पाहतेय, ती सावध. मोटर फिरतेय, ती चालू. आणि पाणी तुटलं, फेज गेली, काही बिघडलं, तर ती अडलेली. झोपेतून सावध, सावधमधून चालू, चालूमधून अडलेली, असे बाण सगळीकडे होते. फक्त अडलेल्या वर्तुळातून चालूकडे एकही बाण नव्हता. तिथून एकच बाण निघे, तो सावधकडे, आणि त्यावर दाजींनी माणसाचा एक हात काढला होता. चित्रकला बेताचीच. हाताला सहा बोटं झाली होती. अर्थ असा की पेटी एकदा अडली की माणसाने स्वतः मोटरीपाशी जायचं, काय झालंय ते बघायचं आणि पेटीवरचं बटण हाताने दाबायचं. तोवर कितीही रिंगा द्या, ती हलणार नाही.

या बाणांची परीक्षा घ्यायची दाजींची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. दाजी स्वतः पेटी व्हायचे. भिंतीसमोर उभं राहून झोपेच्या वर्तुळावर बोट ठेवायचे, आणि अक्का स्वयंपाकघरात वीजमंडळ व्हायच्या. भाकरी थापता थापता त्यांच्या मनाला येईल तेव्हा त्या ओरडायच्या, "लाइट आली." दाजींचं बोट सावधवर. "रिंग आली." बोट चालूवर. "एक फेज गेली." बोट अडलेलीवर. मग अक्का मुद्दाम, "रिंग आली, रिंग आली, धा रिंगा आल्या, मालक शिव्या देऊन राह्यला," आणि दाजी भिंतीला बोट लावून ढिम्म. एकदा मी दोन तास ओट्यावर बसून हे ऐकलं. शेवटी जेवायला हाक आली तर दाजी म्हणाले, "बटण दाबा." अक्कांनी पिठाच्या हाताने त्यांच्या पाठीत एक दाबून ठेवलं.

लोकांना पेटी आवडली, पण तो नसलेला बाण नडला. बाजारात दुसऱ्यांच्या पेट्या येत होत्या, त्या थोडं थांबून आपल्या आपण मोटर पुन्हा चालू करायच्या. गिऱ्हाईक म्हणे, "मंग तुमची पेटी घेऊन फायदा काय? अडली की जावंच लागतंय." दाजी म्हणत, "जा की. मोटर तुमची हाये." या एका वाक्याने त्यांनी जितकी गिऱ्हाइकं घालवली तितकी जाहिरात देऊन कुणाला मिळाली नसतील. "अहो दाजी, एक बाण तर काढायचाय," मी म्हणालो. ते म्हणाले, "तिथं माणूस वाकलेला असंल का न्हाई, हे चिपला कळत न्हाई, गुरुजी. चिपला करंट कळतो."

त्यांच्या तीसेक पेट्यांपैकी एक आमच्या दोघांच्या मेहुण्याकडे होती. आमच्या बायकांचा धाकटा भाऊ, शहागडच्या अलीकडे गोदावरीकाठी शेती. त्याची मोटर नदीवर आणि घर तिथून चार किलोमीटर. पंप पट्ट्यावर चालणारा. नदीचं शेवाळ अडकलं, पाण्यात हवा आली की पेटी अडायची, आणि तो मोटारसायकल काढून जायचा तर बहुतेक वेळा बिघाड काहीच नसायचा. बटण दाबलं की मोटर चालू. वर्षभर त्याने हे केलं. मग अधिक महिना आला. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. आम्ही दोघे जावई पाटावर बसलो होतो आणि मेहुणा वाढता वाढता दाजींना म्हणाला, "दाजी, दर धोंड्याला आमी तुमाला देतो. अवंदा तुमी मला द्या. माझ्या एकट्याच्या पेटीत तेवढी वाट मोकळी करा." पंगतीत सगळे हसले. दाजी म्हणाले, "दुसरं काय बी माग." मेहुण्याचा चेहरा उतरला. धोंड्याच्या पाटावर बसलेल्या जावयाने तोंडावर नाही म्हणणं हे आमच्या सासरी कधी झालं नव्हतं.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी आल्यावर माझी बायको माझ्याशी बोलेना. भावाचा अपमान दाजींनी केला आणि अबोला माझ्याशी, हा कुठला न्याय ते मला आजवर कळलेलं नाही. चार दिवस गिळगिळीत वरण खाऊन मी वैतागलो आणि एकटाच अंबडला गेलो. दाजी सोल्डरिंग करत बसले होते. मी म्हणालो, "तुमची भिंत सासरपेक्षा मोठी झाली का? एका माणसासाठी एक बाण काढला तर काय जग बुडणार आहे? अडाणी आहे का तो? बघून करेल." दाजींनी पुढची तार उचलली. मी आणखी बोललो. मास्तराला बोलायला विषय लागतो, थांबायला घंटा लागते, आणि तिथे घंटा नव्हती. शेवटी दाजी म्हणाले, "बराबर हाये तुमचं. घरचाच माणूस हाये." त्यांनी भिंतीवर काही काढलं नाही. कॉम्प्युटरवरची चादर दूर केली आणि दुसऱ्या दिवशी शहागडला जाऊन मेहुण्याची पेटी बदलून आले: अडल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, तिन्ही फेज असतील तर स्वतःच सावध व्हायचं आणि मोटर चालू करून बघायची. मेहुण्याला हे तीनदा समजावलं. घरी माझं वरण सुधारलं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मेहुण्याच्या फोनवर पेटीची रिंग आली, मोटर थांबली म्हणून. पंधरा मिनिटांत ती आपण चालू व्हायला हवी होती. झाली, आणि पुन्हा थांबली. पुन्हा रिंग. म्हणून तो गेला. पंपाचा पट्टा उतरला होता. चालू झाली की मोटर मोकळी फिरायची, ओझं नाही म्हणून पेटीला वाटायचं पाणी तुटलंय, आणि ती अडायची. तो वाकून पट्टा चढवायला लागला. मेन स्विच त्याने खाली ओढला नाही. अडलेली पेटी अडलेलीच राहते, ही खात्री दाजींच्याच पेटीने वर्षभर त्याच्या हाडात भरली होती, आणि दोन महिन्यांत ती निघाली नव्हती. पट्टा चढला आणि पंधरा मिनिटं भरली. उजवा हात मनगटापासून गेला. हायवेवरच्या एका ट्रकवाल्याने त्याला केबिनमध्ये घालून औरंगाबादला नेलं, म्हणून जीव वाचला.

दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. दाजींना बघून तोच म्हणाला, "दाजी, तुमी सांगितल्तं. मेन काढायचा मीच ईसरलो." दाजी कॉटच्या कडेला उभे होते. म्हणाले, "न्हाई. वाट मी काढली. चूक माझी." सासूबाई रडत होत्या, माझी बायको दाजींकडे बघतसुद्धा नव्हती. मी खिडकीपाशी होतो. दाजींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. सासरच्या माणसांनी त्यानंतर दाजींना जे जे ऐकवलं, ते सगळं मी हजर राहून ऐकलं.

दाजींनी पुढे जे केलं त्याला लोक वेडच म्हणाले. ती वाट एकाच पेटीत होती, हे त्यांना माहीत होतं. तरी ते हातात पिशवी घेऊन, एसटीने, चालत, कुणाच्या बैलगाडीत, एकेक करून तीसही पेट्यांपाशी गेले आणि प्रत्येक उघडून तपासली. वाटूरकडचा एक शेतकरी त्यांना म्हणाला, "आहो, चांगली चालू हाये, कशाला खोलून राह्यलात?" दाजी म्हणाले, "पेटीवर भरोसा हाये. माझ्यावर न्हाई." सगळ्यात शेवटी मेहुण्याची. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. दाजींनी नदीकाठी उकिडवं बसून ती वाट पुसली, पाच वेळा पेटी अडवून पाहिली, पाच वेळा ती अडूनच राहिली. मेहुण्याची बायको बाजूला उभी होती. आता रोज चार किलोमीटर तिला यायचं होतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अशीच. येईन मी."

परतताना फाट्यावर मी दाजींना म्हणालो, "मीच तुम्हाला म्हणालो होतो." हे म्हणायला मला सहा महिने लागले. दाजी पिशवीतलं फडकं काढून हात पुसत होते. "म्हणायला सगळेच म्हणतेत, गुरुजी. लिहिलं मी." मी म्हणालो, घरात सांगतो. ते म्हणाले, "सांगून त्याचा हात येणार न्हाई. तुमचं बी सासर तुटंल. एकाचं तुटलं तेवढं बास." आणि गाडी आली तसे, न थांबता, सरळ चढले.

त्यानंतर त्यांनी प्रोग्राम लिहिला नाही. टीव्हीचे रिमोट दुरुस्त करत राहिले, आणि काही वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. मला त्यांची फार आठवण येते. एवढा विचित्र, एवढा चिडवण्याजोगा आणि एवढा खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तेही राहिलं.

सासरी आता मी एकटाच थोरला जावई. दिवाळीला जातो. मेहुणा हौसेने स्वतः वाढायला येतो. दरवेळी ताटापाशी वाकून तो जरा ओशाळतो आणि म्हणतो, "भावजी, डाव्या हातानं वाढून राह्यलो, राग मानू नका." मी मान खाली घालून म्हणतो, नाही रे. आणि जेवतो.