फाटक बंद आहे

नागपुरात छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन आलं होतं. टेबलावर मांडलेले डोंगर, बोगदे, धबधबे बघत सगळे पुढे सरकत होते. एक साठीचे गृहस्थ मात्र बोटभर लांबीच्या रेल्वे फाटकापाशी थांबले होते. फाटक पडलेलं होतं. ते गळ्यातल्या दुपट्ट्याने मान पुसायचे, टाचा उंचावून रुळांच्या दोन्ही टोकांकडे बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. त्यांचं बघून मीही मान पुसली. एसी चालू होता.

"मनीषनगरले राहतो भाऊ," ते म्हणाले. "पूल व्हायच्या आधी अर्धी जिंदगी फाटकावरच गेली."

एक गाडी गेली. फाटक उघडायच्या आत उलट्या दिशेने दुसरी आली.

"पाहा! मले मालूमच होतं!" ते खूश झाले.

दारातून त्यांच्या बायकोने हाक मारली, "काहून उभे आहा जी तिथं?"

"फाटक बंद आहे वं!"

"काका, पुढे बर्फाचे डोंगर आहेत," मी म्हणालो.

त्यांना माझी कीव आली. "आपण गाडी वळवली ना भाऊ, की दुसऱ्या मिनिटाले उघडते ते."

शेवटी बायकोने येऊन त्यांना दुपट्ट्याला धरूनच नेलं. दोघं दारापाशी पोचली आणि इकडे फाटक अलगद वर गेलं.

मागे न बघता त्यांनी विचारलं, "भाऊ, उघडलं काय?"

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "नाही काका. मालगाडी येऊन राहिली."

"पाहिलं वं?" ते बायकोला समाधानाने म्हणाले. "इथंही पूल बांधा लागते."