धनगराची बिनतारी

माझे वडील हिंगोली स्टेशनावर हमाली करत. कापसाच्या गाठी वाहून त्यांच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता. आई लोकांची दळणं दळायची. घरात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती. मी हैदराबादेत राहून बी.ए. झालो आणि निजामी पोलिसांत अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, म्हणून लागलो. याचा अभिमान मी कधी लपवला नाही. पण ज्या प्रकरणात त्या बी.ए.ची सर्वांत जास्त थट्टा झाली, ते प्रकरण इतक्या वर्षांनंतरही डोक्यातून जात नाही. आठवलं की अजून कपाळाला आठ्या पडतात.

निजामी अंमलाचं शेवटचं वर्ष. उन्हाळा. सगळ्या मुलखात संशयाचं वारं होतं आणि बिनतारी यंत्र शोधून काढा, असे वरून हुकूम होते. अशात आमच्या एका खबऱ्यानं सकाळी सकाळी खबर आणली. सेनगावच्या वाटेवर एक धनगर मेंढरं घेऊन उतरला आहे. तो काठीला काठी जोडून लांब दांडा करतो, बाभळीत उभा धरतो आणि बातम्या पाठवतो.

जमादाराला घेऊन मी गेलो. माळावर राहुटी, दीडशेक मेंढरं, तिशीचा धनगर आणि त्याची बायको. झडतीत पितळी टोपणांनी एकात एक बसणारे काळपट लाकडाचे तीन दांडे, पितळी पाठीची एक लाकडी चकरी आणि एका डबीत गुंडाळलेली बारीक तार निघाली. तार दिसल्यावर जमादाराचा चेहरा उजळला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काठी हाय. शेंगा झोडतो, मेंढरायला. आमच्या आज्याला छावनीतल्या साहेबानं देली. त्याच्या लेकराला आज्या बकरीचं दूध नेऊन द्यायचा, म्हनून."

"आणि साहेबानं बंगला कुणाला दिला?" जमादार म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. हा जबाब कोणी लिहून घेतला नाही.

हिंगोलीच्या ठाण्यात आणल्यावर चौकशी सुरू झाली. तासाभरात धनगर म्हणाला, काठी रस्त्यात सापडली. दुपारी म्हणाला, बाजारात घेतली. संध्याकाळी म्हणाला, माझी न्हाईच. हे तिन्ही जबाब मात्र रोजनाम्यात बराबर उतरले. मी चिडून त्याला विचारलं, "किती वेळा बोलणं फिरवशील?"

"आमी खरं सांगितलं तर तुमी हासले, साहेब. आता तुमाला जे पटंल ते सांगून राहिलो."

हे ऐकून मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. आरोपी उर्मट आहे, असा शेरा मारला.

तोवर जमादारानं परभणीला, जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस साहेबांना, म्हणजे मोहतमिमांना, तार करून वर्दी दिली होती. रात्री उत्तर आलं, मोहतमिम साहेब दौऱ्यावर आहेत, दोन दिवसांनी येतील, आरोपी आणि माल सोबत नेतील. त्या दिवसांत परभणीला नेलेला आरोपी कधी परत येईल, हे कोणी सांगू शकत नव्हतं. धनगराची बायको ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली होती. पाण्याचा डोह आटला होता, कळप हलवायला हवा होता, आणि एकटीनं दीडशे मेंढरं हलवता येत नाहीत.

मी जमादाराला म्हणालो, "लाकडातून बातमी जाते असं मी तरी कुठं वाचलं नाही."

"तुमी बी.ए. हाय साहेब, बराबर हाय. पण हे तुमच्यानंतर निघालं असंल."

या माणसाबरोबर मी अकरा महिने काम केलं.

दुसऱ्या दिवशी मी माल पुन्हा समोर घेतला. जाड दांड्याच्या बुडाला पितळी टोपी होती, धुरानं काळी पडलेली. चिंचेनं घासली तेव्हा दोन इंग्रजी अक्षरं निघाली. म्हणजे वस्तू कुणा साहेबाची. हिंगोलीची इंग्रज साहेबांची छावणी उठून चाळीसेक वर्षं झाली होती, पण तिथला एक म्हातारा खानसामा अजून गावात होता. त्याला बोलावलं. धनगर काय म्हणतो, ते त्याला सांगू नये अशी सगळ्यांना ताकीद दिली.

म्हाताऱ्यानं शेंड्याच्या दांड्यावरून बोट फिरवलं. टोकाला हरभऱ्याएवढी कप्पी होती. ती त्यानं फिरवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की गुन्हेगार मीच.

"ये तो समंदर की मच्छी पकडने की बंसी है, अमीनसाब. इसकू काहेकू पकडे?"

"आणि ही तार?"

"समंदर की मच्छी कू दाँत रहते. सूत काट के जाती. इस वास्ते आकडे के ऊपर तार. साहब हर साल छुट्टी में दर्या पे जाते थे, मैं साथ में."

"मग ही इथं कशी राहिली?"

"साहब के बच्चे कू गाय का दूध हजम नहीं होता था. एक धनगर रोज बकरी का दूध लाता था. छावनी उठी, तो मेमसाब बोले, इसकू कुछ देव. साहब क्या बंदूक देते? बंसी दे दिये."

मी जमादाराकडे पाहिलं. जमादार छताकडे पाहत होता.

पण एका म्हाताऱ्याच्या तोंडच्या गोष्टीवर मोहतमिम साहेब ऐकतील, अशी खात्री नव्हती. काठी पुन्हा मासे धरायच्या काठीसारखी उभी करून दाखवायची, असं मी ठरवलं. यावर जमादारानं हरकत घेतली की मुद्देमाल बदलता येत नाही. हरकत कायद्याला धरून होती, म्हणून जास्त राग आला. पंच बोलावून माल आहे तसा असतानाचा पंचनामा केला आणि मग काम सुरू केलं.

दोरी ओवायच्या कड्या नव्हत्या. बायको म्हणाली, "त्या म्होरक्या मेंढ्याच्या पट्ट्याला हायेत." आकडा? "त्याला दुधाचं गाडगं टांगतो." चकरीवर काळी लोकर गच्च गुंडाळलेली. "तोडू नका, घोंगडीची हाय." सरकारी पगार घेणारे दोन जवान दुपारभर ओसरीत बसून लोकरीचा गुंडा करत होते.

लाकडावर जुन्या दोऱ्याच्या जागी फिकट पट्टे उरले होते. खानसाम्यानं एकेक कडी तिच्या मापाच्या पट्ट्यावर ठेवली आणि पटवेकऱ्याकडून आणलेला रेशमी दोरा तिच्यावर असा दाबून गुंडाळला की गाठ कुठं दिसेना. शेंगा झोडून सैल झालेले सांधे मेण लावून घट्ट केले. सुताराकडून स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा आणून दोन हात दिले आणि रात्रभर वाळू दिलं. चाळिशीच्या वर गेलेल्या त्या लाकडाला वाकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी मोहतमिम साहेब आले. "बिनतारी कहाँ है?" मी त्यांना ठाण्याच्या विहिरीवर नेलं. नवी दोरी चकरीवरून कड्यांतून, टोकाच्या कप्पीवरून ओवली होती. आकड्याला पोहरा अडकवून आत सोडला आणि चकरीची मूठ मी जमादाराच्या हातात दिली. तो फिरवत गेला. काठी धनुष्यासारखी वाकली. ती मोडली असती तर माझ्याजवळ दाखवायला काही उरलं नसतं. पोहरा अर्धा सांडत वर आला.

साहेबांनी त्यात हात बुडवला. "वायरलेस से पानी तो नहीं आता, जमादार." एवढं बोलून त्यांनी खानसाम्याचा जबाब वाचला, रोजनामा चाळला आणि विचारलं, "मुल्जिम का पहला बयान कहाँ है?"

मी म्हणालो, "लिहिला नाही. आम्ही हसलो होतो."

त्यांनी सुटकेचा हुकूम लिहून माझ्या हातात दिला. पुढच्या सगळ्या नोकरीत माणूस पहिल्यांदा जे बोलेल ते, कितीही खुळचट वाटलं तरी, मी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. खोटं बोलणारा बहुधा एकाच गोष्टीला चिकटून राहतो. ज्याचं खरं कोणी ऐकत नाही, तो बोलणं फिरवत जातो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

काठी ताब्यात मिळताच धनगर पायरीवर बसला आणि खानसाम्यानं दिवसभर खपून गुंडाळलेला रेशमी दोरा कात्रीनं कापू लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"कड्या काढून राहिलो. न्हाईतर म्होरक्या अडून बसंल, साहेब. त्याचा पट्टा वाजल्याबिगर मेंढरं मागं चालत न्हाईत."

म्हातारा खानसामा हसत उठून गेला. मला काही हसू आलं नाही. मी रोजनाम्यात शेवटची नोंद केली: मुद्देमाल समुद्रात मासे धरण्याची काठी निघाली, मालकास परत दिली, आरोपी बिनशर्त सोडला. त्याच दिवशी ऊन कलल्यावर दीडशे मेंढरं पाण्याच्या वाटेला लागली.